तीन बाटल्या आणि डावा गाल

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार पोचला असं धरा. वाकता येत नाही, बरगडी दुखतेय.

शनिवारी हरले. नाक तिचं फुटलं, दात तिचा हलला, दुसऱ्या फेरीत गुडघ्यावर तीच आली, आणि हरले मी. तिसऱ्या फेरीत माझी उजवी भुवई उसवली. ठोसा फार मोठा नव्हता, ग्लोव्ह नुसता घासून गेला आणि कातडी कागदासारखी फाटली. रक्त डोळ्यात, डोळ्यातून तोंडात. पंचांनी लढत थांबवली. त्याआधी डाव्या गालावरही एक बसला होता, पार खालून आलेला. क्षणभर दिवे गेल्यासारखं झालं. पण मी पडले नाही, म्हणजे तो धरायचा नाही. भुवईला पाच टाके.

आमचे कोच, म्हणजे मास्तर, म्हणाले, "तोंड कशाने धुतेस गं तू?" म्हटलं, हॉलच्या बेसिनवर गुलाबी साबण असतो त्याने. म्हणाले, "मग भांडी पण घासून घे त्यानेच." लढतीआधी ठोसा घसरावा म्हणून आम्ही तोंडाला पेट्रोलियम जेली फासतो. ती निघेपर्यंत मी खसाखसा घासते. टाके घालणारे डॉक्टरही तेच म्हणाले. साबणाने कोरडी पडलेली कातडी पहिल्या फटक्याला फाटते, काहीतरी सौम्य वापरा.

दुकानात गेले. चाळीस बाटल्या. चाळीसही सौम्य, चाळीसही नैसर्गिक, आणि सगळ्यांवर एकच हिरवं पान. बाटल्यांवरचा मजकूर तुम्ही लिहिता, तेव्हा कोणती घेऊ तेही तुम्हीच सांगा.

अट एकच. प्राण्यांवर तपासलेली नको. माझ्या खोलीत राहते ती टोळ (हातपाय लांब म्हणून टोळ, आमच्याच क्लबातली) तिने मला फोटो दाखवले. सशांची रांग, माना खाचेत अडकवलेल्या, डोळ्यात थेंब. हसू नका. मी आठवड्याचे सहा दिवस माणसांना मारते हे मला माहीत आहे. पण समोरची स्वतःच्या पायांनी रिंगमध्ये चढलेली असते आणि तिलाही दोन हात असतात. सशाला ग्लोव्ह्ज कोण देतं?

२८ मार्चला एकीशी लढत आहे, सगळे तिला लोहारीण म्हणतात. तिने यंदा दोघींचे जबडे मोडलेत. जिंकेल ती मुख्य संघात. मी सत्तावीसची, पुढच्या निवडीत माझं वय बसत नाही. म्हणजे हे एकदाच. तोवर कातडी फाटता कामा नये.

मी मुलांना व्यायाम शिकवते एवढंच आईला माहीत आहे. ते तसंच राहू द्या.

तुमची भाची


९ फेब्रुवारी

चि. रणचंडिकेस,

मातुलाचे भरघोस आशीर्वाद. त्यातले पाच बाजूला काढून एकेका टाक्याला दे.

सशाबद्दलचा परिच्छेद मी दोनदा वाचला. ज्या मुलीने लहानपणी शेजारच्या मुलाचे दोन दात पाडून ते त्याच्याच खिशात घातले, तिच्या तोंडी अहिंसा आली हे पाहून धन्य झालो. हसलो नाही. तू बजावलंस म्हणून, आणि शिवाय तुझं म्हणणं मला खोडता येईना म्हणून.

आता तुझ्या चाळीस बाटल्या. शाळेतून संस्कृत गेलं तेव्हा त्याबरोबर मीही गेलो. आयुष्यभर मुलांना नावं ठेवली, आता साबणाच्या कारखान्यात बाटल्यांना ठेवतो. तेव्हा आतली गोष्ट सांगतो. 'नैसर्गिक' या शब्दावर भाळू नकोस, विंचवाची नांगीही निसर्गानेच दिलेली आहे. 'सौम्य' हे विशेषण मी आजवर एकशे बारा बाटल्यांवर लिहिलं, त्यातल्या एकीने माझ्या टेबलाचं पॉलिश काढलं. पान छापण्याबद्दल मी काही बोलत नाही, ते चित्रकाराचं पोट आहे.

खरं पाहायचं ते असं. फेस कमी हवा. वास नको, गुलाबाचा तर अजिबात नको. धुतल्यावर गालावर बोट फिरवून चुंईं असा आवाज आला तर ती बाटली फरशीसाठी ठेवावी. कातडीचं स्वतःचं तेल असतं, ते तिच्याकडेच राहिलं पाहिजे. ग्लिसरीन चांगलं, ओट्सचं पाणी चांगलं, कोरफड असली तर बिघडत नाही.

आणि तुझा ससा. बाटलीवर ससा उड्या मारताना छापला म्हणजे तो सुटला असं नव्हे. तयार मालाची चाचणी कोणी त्याच्यावर केली नसेल, आत पडलेल्या एखाद्या पदार्थाची केली असेल. म्हणून मी आमच्या रसायनवाल्या बाईंच्या मागे लागून पुरवठादारांचे कागद काढायला लावले आणि दोन दिवस वाचत बसलो. इतकं रुक्ष गद्य मी आयुष्यात वाचलं नव्हतं. आमच्याकडे चाचणी होते ती माणसांच्या हातावर. कारकून, पॅकिंगच्या बायका आणि अस्मादिक. दर मंगळवारी त्वचेच्या डॉक्टरीणबाई येऊन आमचे हात शाळेतल्या वह्यांसारखे तपासतात.

सोबत तीन बाटल्या पाठवतो. लेबलं काढली आहेत, क, ख आणि ग एवढंच लिहिलंय, म्हणजे माझ्या वाङ्मयाचा तुझ्यावर परिणाम होणार नाही. रीत अशी: उजव्या बाजूला टाके आहेत, तिला हात लावायचा नाही. फक्त डाव्या गालावर, कापसाने लावायचं. प्रत्येक बाटली चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. किती झोंबलं ते शून्य ते दहा आकड्यांत लिहायचं. फार झोंबलं तर लगेच पाण्याने धुऊन ती बाटली बंद.

तुझ्या आईला काही बोललो नाही. ती माझी मोठी बहीण आहे आणि मी तिला अजून भितो, हे ध्यानात घे आणि लवकर जिंकून मोकळी हो.

तुझा मामा


२८ फेब्रुवारी

मामा,

निकाल: क शून्य, ख शून्य, ग शून्य. तिन्ही दुधासारख्या. मला ग आवडली, फेस भरपूर येतो. टोळ म्हणते गाल लाल दिसतो, पण तिला सगळंच लाल दिसतं. मी आता 'ग'च वापरणार, उजव्या बाजूला मात्र डॉक्टरांनी अजून नुसतं पाणीच सांगितलंय.

भुवई भरली, टाके काढले. सराव जोरात चाललाय. माझ्यात एक बदल झालाय आणि तो मास्तरांनीही हेरला. पूर्वी डावीकडून ठोसा आला की माझे डोळे मिटायचे, मान आपोआप मागे जायची. आता जात नाही. काल सरावात लोहारणीच्या वजनाच्या मुलीने तीन सणसणीत ठेवून दिले, तिन्ही डाव्या गालावर, आणि मी तशीच पुढे. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, मामा. मग मी तिला कोपऱ्यात दाबून पोटात असे हाणले की ती बादलीत ओकली. मास्तर म्हणाले, "भीती मेली तुझी. आता लोहारणीला मारणं उरलं."

'ग'ची आणखी एक बाटली पाठवा.

भाची


५ मार्च

आयुष्मती,

सापडलीस!

पंचवीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या. पाठांतराच्या परीक्षेत मी प्रश्नपत्रिकेत नेहमी एक ओळ मुद्दाम चुकीची घालायचो. ज्याने पाठ केलंय तो अडायचा, ज्याने नुसतं केल्यासारखं दाखवलंय तो ती चूक सुवाच्य अक्षरात उतरवायचा. अशी कैक रत्नं मी खड्यासारखी वेचून बाहेर काढली आहेत.

तर बाई, तुझी ती दुधासारखी ग म्हणजे आमच्याच कारखान्याचा परत मागवलेला माल आहे. नाव मीच ठेवलं होतं आणि लेबलवर 'अतिसौम्य' असंही मीच लिहिलं होतं. पॅकिंगच्या बायकांपैकी चौघींनी हात नळाखाली धरून मला नावानिशी शिव्या दिल्या. माझ्या हातावर दोन दिवस पट्टा उठला होता. पहिल्याच दिवशी तू किंचाळशील, बाटली खिडकीबाहेर भिरकावशील आणि मला चार शब्द सुनावशील अशी खात्री होती. तसं झालं असतं तर 'क' आणि 'ख'चे आकडे मी डोळे मिटून मानले असते.

पण तू काय केलंस? टेबलावर बसून तीन शून्यं काढलीस. बारा दिवसांची चाचणी बारा सेकंदांत. बाटल्या उघडल्या तरी होत्यास का?

मला राग नाही, फार तर हसू येतंय. कातडी तुझी, लढत तुझी. पण मी दोन दिवस सशांचे कागद वाचले, त्याची थोडी तरी लाज राखायचीस. पुन्हा कर. नीट कर. मग लिही.

तुझा परीक्षक मामा


१० मार्च

मामा,

मी खोटं बोलले नाही. मला खोटारडी म्हणणाऱ्या एकीचे ओठ मी फोडलेत. तुम्ही मामा आहात म्हणून पत्र लिहितेय.

तुमचं पत्र मी टोळला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आण इकडे ती बाटली." तिने ग स्वतःच्या गालाला लावली. दहा मोजायच्या आत ती बेसिनकडे पळाली, तुमचा उद्धार करत. मग तिने ती माझ्या डाव्या गालाला लावली. काही नाही. मग उजव्या गालाला. आग, मामा! निखारा ठेवल्यासारखी. मी तिला ढकललंच.

मग टोळने सेफ्टी पिन काढली, मला डोळे मिटायला लावले आणि डाव्या गालावर टोचत गेली. "लागलं की सांग." मी वाट बघत बसले. शेवटी म्हटलं, अगं टोच ना. डोळे उघडले तर गालावर रक्ताचे सात थेंब. नाकपुडीच्या बाजूला पण तसंच. वरचा ओठ डावीकडे असल्यासारखा वाटत नाही, चहा पिताना ओघळतो ते मला वाटत होतं कप वाईट आहे.

तर हे असं आहे. तुमची बाटली नापास, मी पास.

आणि मला त्याचं काही वाटत नाही. उलट बरंच झालं. लोहारणीचा उजवा हात म्हणजे घण आहे, आणि तो माझ्या डाव्या गालावरच येणार. येऊ दे. तो दुसऱ्या कोणाच्यातरी गालावर बसेल. मी तेवढ्यात आत शिरून तिच्या बरगड्या मोडीन. अशी भेट कोणाला मिळते?

अठरा दिवस राहिले. ख वापरतेय, ती उजव्या गालालाही झोंबत नाही. तेवढं तुमचं बरोबर निघालं.

भाची


१४ मार्च

बाळ,

आधी तुझी माफी मागतो. तू खरं लिहिलं होतंस आणि मी तुला चोर ठरवलं.

मंगळवारी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी ते वाचलं, मला खुर्चीत बसवलं आणि त्यांचा अंगठा माझ्या डाव्या डोळ्याखाली हाडावर दाबला. म्हणाल्या, "इथून एक नस बाहेर येते. गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, वरचे दात, सगळ्यांची जाणीव तीच नेते. ठोशाने हे हाड तडकलं की नस चेचते. मुलीचा गाल धीट झालेला नाही, गालामागचं हाड मोडलंय."

डोळा ज्या हाडावर टेकलेला असतो ते कागदाएवढं पातळ असतं म्हणे. ते तडकलेलं असताना त्याच जागी आणखी एक जोरदार ठोसा बसला, तर डोळा खाली उतरू शकतो, त्याला हलवणारा स्नायू चिरेत अडकू शकतो, नजर जाऊ शकते.

त्यांनी तुला विचारायला सांगितलंय. मान न हलवता वर छताकडे बघ. दिवा एक दिसतो की दोन? आणि कृपा करून नाक जोरात शिंकरू नकोस. आणि उद्याच्या उद्या डोक्याचं स्कॅन करून घे.

शेवटी त्यांनी मला विचारलं, "चाचणी डाव्या गालावर करायची हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं, मी. "आणि परत मागवलेला माल तिला न सांगता कोणी पाठवला?" मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या कारखान्याच्या बाटलीवरचं 'कोणत्याही जिवाला इजा न करता' हे वाक्य खोडा. तुमच्या इथे चाचणी घरच्या मुलीवर होते."

रिंगमध्ये उतरू नकोस. वीस तारखेपर्यंत तुझं पत्र आलं नाही, किंवा आलं आणि त्यात दुसरं काही असलं, तर मी स्पर्धेच्या डॉक्टरांना लिहीन.

मामा


१८ मार्च

मामा,

दिवे दोन दिसतात. मग मी दोन लोहारणी मारीन.

मास्तरांना सांगितलेलं नाही. स्कॅन लढतीनंतर करीन, शपथ. स्पर्धेच्या डॉक्टर वजनाच्या वेळी तपासतात, गाल दाबून विचारतात दुखतं का. मला दुखतच नाही. मी सरळ पुढे जाईन.

नऊ वर्षं, मामा. पहाटे पाचला उठून नऊ वर्षं. आईशी नऊ वर्षं खोटं. माझी बोटं तीनदा मोडली, मी डाव्या हाताने जेवले. एकदाच मिळतंय हे. डोळा माझा आहे. तुमच्या डोळ्यावर मी कधी हक्क सांगितला?

लिहू नका. तुम्ही त्यांना लिहिलंत तर मला मामा नाही.


२१ मार्च

चि. भाचीस,

लिहिलं. आज सकाळी पाठवलं. तुझं दहा तारखेचं पत्र मूळचंच सोबत जोडलं, नाहीतर एका साबणवाल्याचं कोण ऐकणार?

'मला मामा नाही' असं तू लिहिलंस ते मी वाचलं, आणि मग पाकीट बंद केलं. तुला जे बोलायचं असेल ते बोल. समोर येऊन मारावंसं वाटलं तर तेही चालेल. मी पवित्रा घेणार नाही.

मामा


६ एप्रिल

अक्षर मोठं आहे कारण डावा डोळा बांधलाय. ओळी वर-खाली गेल्या तर तशाच वाचा.

वजनाच्या खोलीत शिरले तेव्हा स्पर्धेच्या डॉक्टरांच्या हातात कागद होता. तुमचं अक्षर मी दारातूनच ओळखलं. त्यांनी डोळ्यात उजेड मारला, वर बघ म्हणाल्या, आणि यादीतलं माझं नाव खोडलं. इतकंच. पेनाची एक रेघ. मी कपड्यांच्या कपाटाचं दार ठोसे मारून आत घातलं, मग आरसा फोडला, मग मास्तरांच्या छातीवर मारत सुटले. त्यांनी मारू दिलं. मी थकल्यावर म्हणाले, "क्लबची जागा रिकामी सोडता येणार नाही. कोण चढतंय?"

टोळने हात वर केला.

टोळ एकवीस वर्षांची आहे, माझ्याच वजनगटातली. आजवर तीन लढती खेळलीय. मी तिला म्हटलं, वेडी आहेस का? ती म्हणाली, "तू नऊ वर्षं थांबलीस. मला फुकट मिळतेय." हसत होती.

मी कोपऱ्यात बसून पाहिलं. पहिल्या फेरीत तिने लांब हातांनी लोहारणीला जवळ येऊ दिलं नाही. मला वाटलं, जमतंय. दुसऱ्या फेरीत लोहारीण खाली वाकली आणि पोटात दोन घातले. टोळचे हात खाली आले. मग तो उजवा. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला, शेवटच्या रांगेपर्यंत. तिचं माउथगार्ड दोरीखालून घरंगळत माझ्या पायाशी आलं, त्यात दात होता. आणि ती पडली नाही, मामा. जबडा एका बाजूला लोंबतोय, रक्ताची तार हनुवटीपासून छातीपर्यंत, आणि तिने हात वर करून पुन्हा पवित्रा घेतला. पंच मध्ये येईपर्यंत आणखी एक बसला. मग पडली.

जबडा दोन ठिकाणी मोडलाय. तारांनी बांधलाय. सहा आठवडे नळीने पातळ पदार्थ. बोलता येत नाही, पाटीवर लिहिते. माझंही ऑपरेशन झालं, डोळ्याखाली हाडाला धातूची पट्टी बसवली. डोळा वाचला. पुन्हा लढायचं नाही. शेजारशेजारच्या खाटा मिळाल्यात, नर्सला वाटतं आम्ही एकमेकींनाच मारलं.

तो ठोसा माझ्या नावाचा होता. तुम्ही तो माझ्यावरून काढलात आणि दुसरीकडे ठेवलात. तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारा, याला बाटलीवर काय म्हणतात.

मी तुम्हाला लिहिणार नव्हते. लिहितेय कारण टोळच्या तोंडावर चिकटपट्टीचा डिंक आहे, वाळलेलं रक्त आहे, औषधाचे पिवळे डाग आहेत. नर्सना वेळ नसतो. मी धुवायचं ठरवलंय. पण ती ओरडू शकत नाही, आणि माझ्या हातांना हळू म्हणजे किती हे माहीत नाही. कशाने धुऊ? ख चालेल का? या वेळी नीट निवडा.


१० एप्रिल

चि. भाचीस,

तुझं पत्र आल्यावर मी कारखान्यातून होत्या नव्हत्या त्या सगळ्या बाटल्या आणून टेबलावर मांडल्या. त्यांच्यावरचं माझंच लेखन पुन्हा वाचलं. 'मृदुस्पर्शा'. 'निरुपद्रवी'. 'कोणत्याही जिवाला इजा न करता'. एकही निवडता आली नाही.

'ख'सुद्धा नको. उकळून कोमट झालेलं साधं पाणी घे. स्वच्छ कापूस भिजवून पिळ. जिथे वाळलंय तिथे नुसता टेकवून ठेव, शंभर मोज, मऊ झालं की आपण होऊन सुटेल. घासायचं नाही. डिंकाला तिथल्या डॉक्टरांना विचारून थोडं तेल. टाके आणि तारा यांच्या जवळ जायचं नाही. ती ओरडू शकत नाही, म्हणून तिचा एक हात तुझ्या मनगटावर ठेवू दे. दुखलं की ती दाबेल. हळू म्हणजे किती ते तिच्या बोटांवरून कळेल.

बाकीच्यावर मी बचाव मांडत नाही. तुझं नाव खोडलं गेलं याचं मला वाईट वाटतं आणि पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा लिहीन. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला घालता येत नाही. त्या मुलीचा विचार माझ्या मनात आला नव्हता. एकदाही नाही. मी फक्त तुझाच डोळा पाहत होतो.

तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चष्मा काढून ठेवला, आणि मला थोबाडीत मारली. दोन. माझ्या बावन्नाव्या वर्षी. तू कोणावर गेली आहेस हे मला त्या दिवशी कळलं. मग ती पिशवी भरायला लागली. सोमवारी तुझ्याकडे पोचेल. मी येऊ का, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

मामा


१६ एप्रिल

मामा,

आई आली. माझ्या बोटांची हाडं एकेक करून चाचपली, जुनी मोडलेली होती तिथे थांबली, आणि मग टोळची नळी धुवायला गेली.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. कोमट पाणी, कापूस, शंभर आकडे. तिचा हात माझ्या मनगटावर. पहिल्या दिवशी तिने इतकं दाबलं की नखं उठली. दुसऱ्या दिवशी कमी. काल हनुवटी पूर्ण साफ झाली तेव्हा तिने पाटी मागितली. मला वाटलं माझं कौतुक असेल. लिहिलं, "तू मला भांडं समजतेस."

मग पुसून तुमच्यासाठी लिहिलं. मी तसंच उतरवते:

"मामांना विचार, हिला उतरू देऊ नका असं लिहिलंत. हिच्या जागी कोणालाच उतरवू नका, असं का नाही लिहिलंत?"

मी तिला म्हटलं, त्यांच्या मनातच आलं नाही, तसं त्यांनी कबूल केलंय. तिने नकारार्थी मान हलवली आणि प्रश्नाखाली रेघ ओढली. पाटी उशाशी ठेवलीय, पुसू देत नाही.

माझा राग गेलेला नाही. पण हा प्रश्न माझा नाही, त्यामुळे त्याचं उत्तर मी घेणार नाही. आणि पत्राने देऊ नका. पत्रात तुम्ही फार चांगलं लिहिता.

इथे येऊन, तिच्या खाटेशी बसून, तिच्या तोंडाकडे बघत द्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत, डावीकडून तिसरी खोली. भेटीची वेळ चार ते सहा.

भाची